मी बसलो की लागणारा दिवा

आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा फक्त मी चालवत असलो की लागायचा. गोल, त्यात उद्गारचिन्ह आणि दोन बाजूंना कंस, तोच तो ब्रेकचा दिवा. बायको चालवत असली की तो शहाण्या मुलासारखा गप्प. "मी चालवते तेव्हा नाही हो लागत," हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती नुसती माहिती होती. पाचव्यांदा सांगितलं तेव्हा तो माझ्या ड्रायव्हिंगवरचा शेरा झाला होता.

ब्रेकचा दिवा लागला की वायरिंगला दोष देण्याआधी बॉनेट उघडायचं, एवढं मला माहीत होतं. एकाच दिव्यावर दोन कामं सोपवलेली असतात: हँडब्रेक ओढलेला आहे हे सांगायचं, आणि ब्रेक ऑइल कमी झालं तर तेही सांगायचं. ऑइलच्या डबीत एक तरंगता खटका असतो, पातळी उतरली की तो जोडला जातो. कुठे गळती नसली तरी ब्रेकची पॅडं झिजतील तशी ही पातळी हळूहळू उतरते. डबीतलं ऑइल नेमकं खुणेच्या काठावर असेल तर वळणावर ते एका अंगाला जातं आणि दिवा क्षणभर डोळा मारतो. आमचं ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं होतं. म्हणजे जिवाला धोका नव्हता, होता तो फक्त संसाराला.

मेकॅनिकने आधी स्कॅनर लावला. स्कॅनर ज्यात खुपसतात ते १६ पिनांचं सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचं झालं आणि पुढे ते जगभर पसरलं. त्यातून गाडीचं दुखणं यंत्राला विचारायची सोय आहे. यंत्र म्हणालं, काही झालेलं नाही. बरोबरच होतं त्याचं. आमच्या गाडीत हा दिवा संगणकाला विचारून लागतच नाही, त्याची वायर थेट खटक्यावर जाते. मग मेकॅनिकने हँडब्रेकच्या बुडाचा खटका थोडा वाकवला, दोनदा चालवून पाहिलं, दिवा विझलेला. गाडी घरी आली, मी बसलो, दिवा लागला. दुसऱ्या खेपेलाही हेच. मेकॅनिक माझ्याकडे ज्या नजरेने बघू लागला ती मला घरून ओळखीची होती.

शेवटी एका रविवारी मीच मीटर आणि वायरिंगचा नकाशा घेऊन बसलो.

घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, मोटारीतल्या दिव्याला बहुतेक ठिकाणी एकच. दुसरी वायर म्हणजे गाडीचा सगळा पत्रा. बॅटरीचं ऋण टोक पत्र्याला जोडलेलं असतं, त्यालाच गॅरेजात 'बॉडी अर्थ' म्हणतात. ब्रेकच्या दिव्याला एका अंगाने चावी फिरवताच १२ व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्या अंगाची वायर अर्थची वाट बघत राहते. हँडब्रेकचा खटका तिला पत्र्याशी भेटवतो, नाहीतर ऑइलचा. पण त्या वायरीला कोणाच्या मध्यस्थीची गरज आहे असं थोडंच आहे? वाटेत कुठेही साल निघून तांबं पत्र्याला लागलं की दिवा तितक्याच तेजाने लागतो. त्याला फक्त एवढंच कळतं, की वायर कुठेतरी पत्र्याला टेकली. कुठे, ते त्याला विचारू नये.

उलटं झालं तर जास्त वाईट. वायर तुटलीच, तर हा दिवा कधीच लागणार नाही. इंजिन ऑइलच्या दाबाच्या दिव्याचंही तेच: दाब आला की खटका सुटतो आणि दिवा जातो, पण वायर निघाली तरीही दिवा जातो, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हे सगळे दिवे एकदम लागतात ती रोषणाई नाही, हजेरी आहे. त्या हजेरीत एखादा उभा राहिला नाही तर मला आता भीती वाटते, पूर्वी बरं वाटायचं.

बॅटरीच्या दिव्याची तऱ्हा तर सगळ्यांहून न्यारी. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तो बॅटरी आणि ऑल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज करणारं यंत्र) यांच्या मधोमध बसलेला असतो. चावी फिरवलेली पण इंजिन बंद असताना एका बाजूला व्होल्टेज, दुसरीकडे काही नाही, म्हणून तो लागतो. ऑल्टरनेटर फिरू लागला की दोन्हीकडे साधारण चौदा व्होल्ट होतात आणि दोन्हीकडून सारखाच जोर आल्यामुळे बिचारा विझतो. तो अंधूक तेवत राहिला तर समजावं, दोन्ही बाजूंत थोडी तफावत आहे. पण आमच्या घरात तेव्हा अंधूक काही नव्हतं, सगळं लख्ख लाल होतं.

तपासाला हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून चाकांना विटा लावल्या. चावी फिरवली, दिवा लागला. बॉनेट उघडून ऑइलच्या डबीवरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला. "लागलाय का?" "लागलाय." म्हणजे डबी निर्दोष. उरला हँडब्रेकचा खटका. तो दोन सीटच्या मध्ये, झाकणाखाली, हात घालायचा तर जागा हवी. सीट पुढे सरकवली, मागून वाकलो, कपलर काढला, मान वर करून पाहिलं, तर दिवा विझलेला! सापडला चोर. नवा खटका आणला, बसवला, हत्यारं आवरली, सीट मागे घेऊन ऐटीत गाडी बाहेर काढली. पहिल्याच वळणाच्या आत दिवा लागला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी गाडी परत आणून उभी केली आणि काही न बोलता उतरलो. ती सावलीत घ्यावी म्हणून बायको आत बसली. माझे पाय लांब, तिचे नाहीत, त्यामुळे नेहमीसारखी तिने आधी सीट पुढे ओढली.

"गेला," ती म्हणाली.

"काय?"

"दिवा. सीट पुढे घेतली तेव्हाच गेला." मग तिने सीट मागे ढकलली. दिवा लागला. पुढे, गेला. मागे, लागला. असं तिने जरुरीपेक्षा दोन वेळा जास्त करून दाखवलं.

मेकॅनिकही काम करायला सीट पुढेच घेत असणार. कपलर काढायला मीसुद्धा तेच केलं होतं. दिवा विझला तो कपलरमुळे नाही, सीटमुळे. जो जो फॉल्ट शोधायला वाकला त्याने आधी फॉल्टच बाजूला सरकवला होता. मीटर पिशवीतच राहिला, त्या दिव्याहून बरा टेस्ट लॅम्प नव्हता. सीटखाली चाचपायला गेलात तर तिथल्या पिवळ्या कपलरांपासून मात्र हात लांब ठेवा, ते एअरबॅगचे असतात. आमची वायर त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, कार्पेटखाली सापडली. खटक्याकडे जाणारी ती वायर क्लिपमध्ये असायला हवी होती, ती सीटच्या रुळाच्या पायाशी आली होती. सीट मागच्या खाचेत गेली की रुळाची कड तिला दाबायची. साल तीळभर निघालेली, आत तांबं चकचकीत, घासून घासून पॉलिश झालेलं. कधीतरी कार्पेट धुवायला काढलं होतं, ते परत बसवताना हे झालं असावं. बसवलं कोणी, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

चावी काढून वायरीला टेप गुंडाळली, तिच्यावर नळी चढवली, तिला तिच्या क्लिपमध्ये बसवलं. मग चावी फिरवून सीट मागे-पुढे दहा वेळा केली. दिवा नाही. हँडब्रेक ओढला, लागला, सोडला, गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघालो. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, बाकीचे सगळे दिवे हजेरी लावून गेले आणि तो एक लाल तसाच. माझ्या पोटात गोळा. सीट एक खाच पुढे घेतली. लागलेलाच. आणखी एक. गुडघे स्टिअरिंगला टेकले, तरी लागलेलाच. मी दार उघडून सीटखाली हात घालणार, एवढ्यात शेजारून आवाज आला,

"अहो, हँडब्रेक."