नकाशावर आलेल्या विहिरी

ऑक्टोबरमधल्या त्या सभेत शाळेच्या भिंतीवर नकाशा उमटला, आणि पहिली दुरुस्ती एका वयस्कर शेतकऱ्यांनी सांगितली. "हा ओढा असा जात नाही. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा तो इकडे वळवला," असे म्हणत त्यांनी भिंतीवर बोटाने नवी वाट दाखवली. संगणकापाशी बसलेल्या मुलीने तिथल्या तिथे ओढ्याची रेघ उचलून योग्य जागी आणली. गाव पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील, कऱ्हा नदीच्या खोऱ्यातले. या गावाबरोबर गेली काही वर्षे मी भूजलाच्या नकाशाचे काम करतो आहे, आणि पाण्याच्या नियोजनात असा नकाशा खऱ्या अर्थाने कधी उपयोगी पडतो, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दुरुस्तीत सापडले.

जमिनीच्या उंचसखलपणाची जी उपग्रहीय माहिती विनामूल्य मिळते, तिच्यातील एक चौकट साधारण 30 मीटर लांब आणि तितकीच रुंद असते. त्या चौकटीला डोंगर कळतो, दरी कळते. पण दहा-बारा हातांचा ओहळ, शेताचा बांध किंवा गाळाने भरलेला जुना तलाव कळत नाही. पाणी मात्र वळते आणि मुरते ते नेमके अशाच ठिकाणी. त्यामुळे बाहेरून तयार होऊन आलेला आणि गावाला बदलता न येणारा नकाशा कितीही देखणा असला, तरी तो गावाच्या पाण्याचा नकाशा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

राज्यपातळीवरील कामाचे मोल कमी आहे, असे मला म्हणायचे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून काम करत आहे. तिने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोटांत विभागणी केली असून ठरावीक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून अनेकदा मोजली जाते. दरवर्षी भरून येणाऱ्या उपलब्ध भूजलापैकी 70 टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट सुरक्षित धरला जातो आणि 100 टक्क्यांच्या वर गेला तर तो अतिशोषित ठरतो. धोरण आखण्यासाठी हे वर्गीकरण आवश्यकच आहे. पण ती साऱ्या पाणलोटाची सरासरी असते, आणि आपल्या विहिरीतले पाणी रब्बीच्या कांद्याला पुरेल का, या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याला सरासरीतून मिळत नाही.

याचे मूळ आपल्या खडकात आहे. महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली दक्खनचा बेसाल्ट आहे. वर मुरूम, त्याखाली कुठे भेगाळलेला किंवा सच्छिद्र मांजऱ्या दगड, तर कुठे पहारही न शिरणारा काळा पाषाण, असे थर एकावर एक बसलेले आहेत. पाणी राहते ते झिजलेल्या भागात आणि भेगांत, आणि तेही फार थोडे. झिजलेल्या बेसाल्टमधून आकारमानाच्या साधारण 2 टक्के पाणी उपसता येते, असे धरून आम्ही सभेत सर्वांसमोर एक हिशेब मांडला. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटरने उतरली, तर हाती येणारे पाणी सुमारे 200 घनमीटर, म्हणजे 2 लाख लिटर. त्याच हेक्टरला 5 सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची, तर 500 घनमीटर लागतात. शेतातून काही पाणी परत मुरते हे सोडले, तर एका पाळीसाठी तेवढ्या जमिनीखालची पातळी अडीच मीटरने खाली जाते. हा आकडा ऐकून सभा काही वेळ शांत झाली. आपल्या विहिरीचे सगळे पाणी आपल्याच शेताखालून येते, असे आता कोणालाच म्हणता येईना. मग ते शेजारच्या शेताखालूनही येते, हे मान्य करावे लागले.

हे पटण्यामागे दोन वर्षांचे मोजमाप होते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. वजन बांधलेली टेप विहिरीत सोडायची, पाण्यापर्यंतचे अंतर वाचायचे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. सुरुवातीच्या काही नोंदींत कठड्याची वजाबाकी करायची राहून गेली, त्यामुळे नकाशावर एका ओळीतल्या तीन विहिरी अचानक खोल गेलेल्या दिसू लागल्या. दुसरी अडचण विजेची होती. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री येते. रात्रभर मोटार चाललेल्या विहिरीची सकाळची नोंद म्हणजे उपशाची नोंद, पातळीची नव्हे. म्हणून मोटार किमान काही तास बंद असल्याची खात्री करूनच टेप सोडायची, असा नियम नोंदी घेणाऱ्या मुलींनी स्वतः ठरवला. त्यानंतर नकाशातून वेगळेच चित्र पुढे आले. ओढ्याच्या दोन्ही काठांवरील विहिरी एकत्र भरत आणि एकत्र उतरत होत्या. टेकडीच्या कडेची एक रांग मात्र भर पावसाळ्यातही वेगळी वागत होती. जुन्या विहिरी खोदलेल्या माणसांनी तिथे काळ्या पाषाणाची भिंत लागल्याचे सांगितले, आणि ती भिंतही नकाशावर आली.

उपग्रहाच्या चित्रांनी आम्हाला मोठी मदत केली, पण ती वाचायला शिकावे लागले. सेंटिनेल-2 या उपग्रहांची 10 मीटर स्पष्टतेची चित्रे दर काही दिवसांनी विनामूल्य मिळतात. मे महिन्यातील चित्रात शिवारातले काही तुकडे गडद हिरवे दिसले, तेव्हा मी ते पाण्याने समृद्ध भाग असल्याचे समजून चाललो होतो. एका ताईंनी ती समजूत पुसून टाकली. "तिथं पाणी आहे म्हणून हिरवं नाही, तिथं पाणी ओढलं जातंय म्हणून हिरवं आहे," असे त्या म्हणाल्या. विहिरींच्या पातळीचा थर त्या चित्रावर ठेवला, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे ठरले: त्या हिरव्या तुकड्यांभोवतीच विहिरींचे ठिपके सर्वांत लाल, म्हणजे पाणी सर्वांत खोल गेलेले होते.

नकाशा सर्वांना खुला ठेवायचा का, यावर गावात बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. कोणाच्या विहिरीला पाणी टिकते हे जाहीर झाले, की शेजारी विंधन विहीर घेण्याचा मोह वाढतो, ही भीती रास्त आहे. शेवटी पाण्याची पातळी सर्वांना दिसावी, पण विहिरीच्या मालकाचे नाव आणि गट क्रमांक दिसू नये, असा ठराव झाला. विंधन विहिरींचा थर ग्रामसभेपुरताच ठेवला आहे. तंत्रज्ञान पुरवणाऱ्यांनी हा निर्णय स्वतः घेऊन टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

आता दरवर्षी ऑक्टोबरच्या नोंदी नकाशावर चढल्यावरच रब्बीची चर्चा होते. गेल्या वर्षी पातळी खाली होती, तेव्हा बऱ्याच जणांनी कांद्याचे क्षेत्र कमी करून ज्वारी आणि हरभरा घेतला. सगळ्यांनी नाही, काहींनी टँकर आणून फळबाग जगवली, आणि बागेत पंधरा वर्षांची मेहनत असलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देता येत नाही.

पाणलोट मात्र गावच्या शिवेवर थांबत नाही. आमच्या ओढ्याचा माथा वरच्या गावात आहे, आणि नकाशावर तो भाग दोन वर्षे कोराच होता. या उन्हाळ्यात तिथल्या दोन मुली नोंदी शिकायला आल्या. माझ्याकडची टेप त्यांना दिली आहे. वरच्या गावातील चार विहिरींची पहिली नोंद गेल्या सोमवारी नकाशावर आली.