ताईंचं शनेलचं घड्याळ आणि आमचे आप्पा

यंदा कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, मोठ्या नणंदबाई जर्मनीहून आल्या होत्या. श्रावणातला तो रविवार म्हणजे आमच्याकडे सगळे भाऊबंद एका घरात, रोट, पुरण, पोरांची पळापळ, आणि त्या सगळ्या गर्दीत ताईंच्या मनगटावर काहीतरी काळं-सोनेरी चमकलं ते मी लगेच हेरलं. सोनाराची मुलगी आहे मी, जळगावच्या सराफ बाजारात वाढले, माणूस भेटलं की आधी गळा आणि हात बघायचे ही सवय काही जात नाही. जवळ जाऊन बघते तर बांगडी नाहीच, घड्याळ. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीचं, प्रीमिएर नावाचं!

फोटोत शंभरदा बघितलेलं, हातात पहिल्यांदा घेतलं. ताईंनी पॅरिसला गेल्या तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेलं. पट्टा म्हणजे साखळी, आणि त्या साखळीतून काळ्या चामड्याची पट्टी ओवलेली, ती पट्टी एका जागी झिजून वर आली होती. ताई म्हणाल्या इकडे कोणी बघेल का गं, मी म्हटलं आप्पांना दाखवू.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं साखळ्याच केल्या. जंत्रीतून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, तार ओढायची, सळईवर गुंडाळायची, कापायची, मग एकेक कडी जुळवून झाळायची, म्हणजे आच देऊन जोडायची. नंतर मशीनची साखळी आली आणि हातसाखळीचं काम कमी कमी होत गेलं, आता घरीच बसून ओळखीपाळखीच्यांची दुरुस्ती करतात. तर आप्पांनी घड्याळ हातात घेतलं, तोललं, आणि जळगावात पहिला प्रश्न जो असतो तोच विचारला, सोनं किती? मी सांगितलं की आप्पा हे सोनं नाही, आत स्टील आहे आणि वरून 20 मायक्रॉनचा सोन्याचा मुलामा. म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. मला वाटलं आता परत देतील. पण त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

मग मला बोलावून म्हणाले, "कड्या देख, कश्या बसाडेल शेतस." (कड्या बघ, कशा बसवल्यात.)

मी भिंगातून बघितलं. कडी गोल तारेची नाही, चपटी केलेली, जराशी पिळलेली, म्हणजे दुसरीत अडकली की दोन्ही हातावर सपाट पडतात. चामडं एका कडीच्या वरून पुढचीच्या खालून असं वेणीसारखं जातं, आणि कडीची आतली कड घासून गुळगुळीत केलेली, नाहीतर धातूने चामडं चिरलं असतं. आप्पांनी नखाने दाखवलं, बघ, जिथे चामडं रोज घासतं तिथेच जास्त पॉलिश. आणि चामडं झिजलं तरी कडी कुठेच रुतलेली नव्हती, म्हणजे आयुष्य आधी चामड्याचं संपणार, साखळीचं नाही, चामडं बदलता येतं. हा विचार कोणीतरी आधीच करून ठेवलाय!

आप्पांनी विचारलं कोणी बनवलं, तर मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगत बसले. गॅब्रिएल शनेल, जिला कोको म्हणतात, जन्म 1883 चा, फ्रान्समधल्या सोमूर गावचा. 1895 मध्ये आई गेली आणि बापाने मुलींना ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात सोडलं. तिने पुढे जी बॅग काढली, 1955 च्या फेब्रुवारीत म्हणून नाव 2.55, तिच्या साखळीबद्दल असं सांगतात की मठातल्या बाया कमरेला किल्ल्या लावायच्या त्या साखळीची ती आठवण, आणि आतलं अस्तर मरून कारण अनाथाश्रमाचा गणवेश त्या रंगाचा. खरंखोटं तिलाच ठाऊक, पण साखळीवर तिचा जीव होता हे नक्की, ती जाकिटाच्या खालच्या काठाला आतून साखळी शिवायची, वजनाने कापड सरळ पडावं म्हणून. हे ऐकून आप्पा एकदम खुलले, साखळीचा असा उपयोग त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

खांद्याला अडकवायची बॅग हवी कारण हातात धरून धरून ती कंटाळली होती. बाईचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत. आज हे काहीच वाटत नाही पण तेव्हाच्या श्रीमंत बायका पर्स हातातच धरायच्या. आणि बॅगेवरचे ते तिरपे चौकटी टाके, आपण गोधडीला घालतो ना तसेच, ते नुसते शोभेचे नाहीत, मऊ चामडं लोंबू नये, आकार धरून राहावा म्हणून. माझी आजी गोधडी शिवताना म्हणायची टाका जवळ घाल म्हणजे आतल्या चिंध्या सरकणार नाहीत, गोष्ट तीच की! आणि खऱ्या बॅगेत मागच्या खिशाचे चौकोन खालच्या चौकोनांना रेघेला रेघ जुळतात. बाजारात फर्स्ट कॉपी म्हणून जे मिळतं त्यात बघा, बऱ्याचदा तिथेच गडबड असते, आणि साखळी हातात घेतली की पत्र्याची वाटते. मला त्या कॉप्यांचा राग येतो, कारण त्यात नाव तेवढं उचलतात, काम सोडून देतात.

चामडं ओवलेली साखळी मात्र कोकोची नाही. ती 1971 ला गेली. 1983 मध्ये शनेलमध्ये डिझायनर म्हणून कार्ल लागरफेल्ड आला, त्याने बॅगेच्या साखळीत चामडं ओवलं आणि दोन उलटसुलट इंग्रजी सी-चं कुलूप लावलं. मग 1987 मध्ये शनेलच्याच कलादिग्दर्शकाने, जाक एल्यूने, शनेलचं पहिलं घड्याळ काढलं तेव्हा तीच साखळी मनगटावर आणली. डायल अष्टकोनी, शनेलच्याच नंबर फाइव्ह सेंटच्या बाटलीच्या बुचासारखी, पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकाचा आकारही तोच. काळी तबकडी, आकडे नाहीत, नुसते दोन काटे. 2000 साली त्यांचं सिरॅमिकचं जे-12 आलं, ते जास्त गाजलं, पण मला ते घड्याळच वाटतं. प्रीमिएर हा दागिना आहे.

किमतीचं स्पष्ट बोलते. मधल्या साइजची क्लासिक बॅग आता दहा हजार युरोंच्या वर गेलीये, एवढे पैसे मला पटत नाहीत, पटणारही नाहीत. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे दागिन्याची किंमत म्हणजे वजन आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, मजुरी म्हणजे घासाघीस करायची जागा, "मजुरीवर सूट" असे बोर्ड लागतात आणि सगळ्यांना आनंद होतो. मोडीत दिला की सोन्याचे पैसे येतात, मजुरी शून्य. माझ्या आजोबांनी आजीसाठी स्वतः पाटल्या घडवल्या होत्या, एकदा आत्याच्या लग्नात मोडल्या, त्याच सोन्याच्या बांगड्या झाल्या, त्या माझ्या लग्नात मोडून हार झाला. सोनं आहे अजून, माझ्याच कपाटात आहे, पण आजोबांच्या हाताचं त्यात काही उरलं नाही, पाटल्यांवर नक्षी कसली होती हेसुद्धा आता कोणाला सांगता येत नाही. फोटोही नाही.

आणि हे घड्याळ, यात मोडण्यासारखं काही नाही म्हणून ते कोणी मोडलं नाही. मुलामा आठ ठिकाणी उडालाय, तरी ज्या माणसाने ती कडी बसवली त्याचं काम जसंच्या तसं आप्पांच्या भिंगाखाली आलं, जळगावात, कानबाईच्या दिवशी.

आप्पांनी ते झाळायला वगैरे नकार दिला, आच लागली तर चामडं जळेल आणि मुलामाही काळा पडेल म्हणाले. वर आलेली पट्टी चिमट्याने दाबून नीट बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. ताई सोमवारी कानबाईच्या विसर्जनानंतर निघणार होत्या, तर सकाळीच आप्पांचा फोन, जाण्याआधी अर्धा तास घड्याळ पाठव. पाठवलं. त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने कडीचं चित्र काढून घेतलं, समोरून आणि बाजूने.

मागच्या आठवड्यात मी आप्पांकडे गेले तर बाकड्यावर चांदीची तार पडलेली, आणि माझ्या जुन्या पर्सचा पट्टा कापून काढलेल्या बारीक पट्ट्या. पाच कड्या झाल्यात. तिसरी नीट बसत नाही म्हणून तिथपर्यंत उसवून परत करतायत.