रुळाच्या कडेकडेने बाळयेशूला

जानेवारीच्या शेवटी आम्ही अकरा जण भुसावळहून नाशिकरोडच्या बाळयेशूला, म्हणजे तिथल्या बाळयेशूच्या चर्चला, पायी गेलो. दहा दिवस लागले. लोक विचारतात अडीचशे किलोमीटर कशाला चाललास, भुसावळहून गाड्या कमी आहेत का, तर ते सांगायचं म्हणजे आधी रजिस्टरचं सांगावं लागेल.

झालं असं की आमच्या धर्मग्रामाची (पॅरिशची) स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. हातात काय होतं तर फादर लोकांची यादी, कोण कधी आले कधी गेले, आणि चर्चच्या दुरुस्तीच्या तारखा. एक पान भरलं आणि संपलं, आणि मला ते काही पटेना. भुसावळचं चर्च म्हणजे रेल्वे हो, रुळ आले नसते तर इथे कॅथलिक माणूस यायचं कारणच काय होतं? 1860 च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथवर आली, 1867 ला नागपूर जोडलं गेलं, 1870 ला जबलपूरकडून थेट कलकत्ता, आणि या जंक्शनला माणसं लागली. इंजिनावर अँग्लो-इंडियन, गोव्याचे लोक, ऑफिसात तमिळ-मल्याळी, दवाखान्यात नर्सबाया, आणि गँगवर नाहीतर शेडमध्ये आमच्यासारखे, नगर जिल्ह्यातून आलेले मराठी ख्रिस्ती. नगरकडे जर्मन येशूसंघी (जेझुइट) फादर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावोगाव फिरले, त्यातून आमची घराणी चर्चमध्ये आली, मग पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्या फादरांना शत्रूदेशाचे म्हणून बाजूला केलं. 1947 नंतर बरेच अँग्लो-इंडियन इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेले. बदलीवर आलेली आणि बदलीवर गेलेली माणसं, त्यांचा इतिहास कोण लिहून ठेवणार?

म्हणून फादरांना विचारून जुनी रजिस्टरं उघडली. हे माहीत नसेल तर सांगतो, कॅथलिक चर्चमध्ये नोंदवही हा नुसता ऑफिसचा कागद नाही. 1563 ला ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नाचा नियम केला तेव्हापासून नोंदवही ठेवणं धर्मगुरूचं कर्तव्य आहे. आजही स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदीशेजारी समास सोडतात, त्या माणसाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालं, लग्न झालं, की जिथे झालं तिथून कळवतात आणि मूळ नोंदीच्या समासात ते लिहितात. माणूस खडगपूरला बदलून गेला तरी त्याच्या लग्नाची ओळ इथे येऊन पडते. मी आठवडाभर रोज संध्याकाळी ते समास वाचत बसायचो, जेवायची आठवण राहायची नाही.

जुन्या नोंदी सगळ्या लॅटिनमध्ये. तारीख, नाव, आईबाप, धर्मबाप, धर्मआई (स्नानसंस्काराला बाळाच्या बाजूने उभे राहणारे), खाली फादरची सही. 1952 च्या जानेवारीत एक नोंद लागली आणि आईबापाच्या जागी माझ्या आजोबा-आजीचं नाव होतं. बाळ माझ्या वडिलांच्या आधीचं. जागा चाळीसगाव. स्नानसंस्कार कोणी दिला तिथे फादरचं नाव नव्हतं, लिहिलं होतं आ मात्रे, इन पेरिकुलो मोर्तिस. आईने, मृत्यूच्या धोक्यात. समास कोरा. मग मृतांचं रजिस्टर काढलं, तिथेही तेच नाव, वय तीन दिवस.

आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं, वडील गेले त्यांनाही नसावं.

आजी आहे अजून, ब्याण्णव वर्षांची, ऐकू नीट येतं. मी दोन दिवस विचार केला की विचारावं की नको, मग विचारलंच. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "थंडी लई होती. पाणी कोमट करून घेतलं व्हतं मी."

मग हळूहळू सांगितलं. आजोबा तेव्हा चाळीसगावला गँगमन, गँगचाळीत एक खोली. चाळीसगावला फादर महिन्यातून एकदा भुसावळहून गाडीने यायचे, कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये टेबलावर पांढरी चादर घालून मिस्सा (चर्चचा मुख्य उपासनाविधी) व्हायची, की दुसऱ्या गाडीने परत. बाळ मंगळवारी निळं पडायला लागलं, फादरांना यायला अजून बारा दिवस होते, आजोबा लाइनवर. तिला लहानपणी नगरकडच्या मास्तरांनी शिकवलेलं, जीव जात असेल आणि धर्मगुरू नसेल तर कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतं, तो खराच असतो. तिने वाटीत पाणी घेतलं आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा डोक्यावर ओतलं. फादर आले तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि त्यांनी पाकिटातली वही काढून तिथेच लिहून घेतलं. "त्यांनी मला विचारलं न्हाई की बरोबर म्हणलीस का," आजी म्हणाली, "लिहून घेतलं." कुठे पुरलं ते विचारलं तर म्हणाली कडुलिंबाखाली, रेल्वेच्या बाजूला. आणि म्हणाली, "जाऊन ये तू."

बाळयेशूला पायी जायचं आमच्या तरुण मंडळात दोन वर्षांपासून चाललं होतंच, दर वेळी राहून जायचं. मी म्हटलं या वेळी हायवेने नको, रुळाच्या कडेकडेने जाऊ, स्टेशन टू स्टेशन, ज्या वाटेने ते फादर यायचे त्या वाटेने.

पहिल्या दिवशी पहाटे मिस्सा झाली आणि निघालो. साकेगाव, वाघूरचा पूल, नशिराबाद, संध्याकाळी जळगाव. चौदा वर्षांच्या पोरीपासून एकोणसत्तर वर्षांच्या रिटायर्ड गार्डपर्यंत सगळे, पुढे एक क्रूस आणि मागे एक छोटा हत्ती टेंपो सामान घेऊन. दर तासाला जपमाळ, मध्ये भजनं, टाळ होते आमच्याकडे दोन जोड. दुसऱ्या दिवशी शिरसोली करून म्हसावद, आणि तिथून पुढे गावं अहिराणी बोलायला लागली, ज्याच्या त्याच्या दारातून एकच प्रश्न, "कथा जाई राहिनात भो?" नाशिकला, बाळयेशूला म्हटलं की पुढचा प्रश्न पाणी का चहा. टाळ बघून एक म्हातारे बाबा दिंडी समजून पाया पडायला वाकले, मी घाईघाईने सांगितलं बाबा आम्ही ख्रिस्ती, तर ते म्हणाले मग काय झालं, चालून राहिलेत ना, आणि वाकून पाया पडलेच. मला रडू आवरेना, दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

पाचोऱ्याच्या पुढे, कजगावच्या अलीकडे, एका घराने रात्री उतरवून घेतलं. घरमालक मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला जाणारे, मुक्ताईनगरहून महिनाभर चालतात ते लोक, त्यांनी आमच्या पायाचे फोड बघितले आणि सुईदोरा काढून फोडातून दोरा ओवून तसाच ठेवायला शिकवला, म्हणजे पाणी निघून जातं आणि कातडी सुटत नाही. जेवायला कळण्याची भाकरी, भरताच्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. जेवण झाल्यावर घरच्या माउलींनी विचारलं तुमचा देव लहान का, बाळ का. आमच्यातल्या सिस्टरांनी सांगितलं की ही मूर्ती मुळात प्रागची, 1628 ला तिथल्या कार्मेल मठाला कोणा सरदारणीने दिलेली, मग लढाईत मठ लुटला गेला आणि मूर्ती मोडतोडीच्या ढिगात पडली, 1637 ला एका फादरला सापडली तेव्हा दोन्ही हात तुटलेले होते. माउली म्हणाल्या, "लेकरू व्हतं ना, कोणीतरी हुडकणारच."

पाचव्या दिवशी वाघळी करून चाळीसगाव. मी सकाळपासून कोणाशी बोललो नव्हतो. गँगचाळ आता नाही. रिटायर्ड गार्डकाकांना जुनी जागा साधारण माहीत होती, तितूर नदीच्या बाजूला नाही, स्टेशनच्या मागच्या अंगाला. शोधत शोधत एक मोकळा तुकडा सापडला, दोनचार सिमेंटचे क्रूस, नावं पुसलेली, बाकी बोरी आणि गवत. लिंब दोन होते. एक म्हातारा, एक त्याच्याहून थोडा लहान. मी आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फिरवून दोन्ही दाखवले, विचारलं कोणता. तिने फोन डोळ्याजवळ धरला, मग म्हणाली, "एकच व्हतं तवा. दुसरं मागून आलं." कोणतं आधीचं ते मला जाडीवरून कळत होतं, तरी तिलाच म्हणू दिलं. तिने उजवीकडचं म्हटलं. सगळ्यांनी गोल उभं राहून आमच्या स्वर्गातील बापा म्हटलं, पोरीने मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली, परत लावली. आजी फोनवर शेवटपर्यंत होती.

पुढे नांदगाव, मनमाड, लासलगाव, निफाड. ते पाच दिवस पाय चालले, मी फारसा नव्हतो. नाशिकरोडला गर्दीत रांगेत उभं राहून दर्शन झालं, बाळयेशूपुढे मी त्या बाळाचं नाव घेतलं, मोठ्याने घेतलं. बहुतेक त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच कोणी चारचौघांत घेतलं असेल.

परतीला गाडी. दहा दिवसांची वाट चार तासांत गेली. चाळीसगावला गाडी थांबली तेव्हा अंधार होता, दारातून काही दिसलं नाही.

स्मरणिकेचं पान मी नव्याने लिहिलं. फादरांची यादी आहे, पण मागे. पुढे रजिस्टरमधली माणसं आहेत, घंटा वाजवणारा पॉइंट्समन, सगळ्या बाळांची धर्मआई झालेली नर्स (एकाच बाईचं नाव धर्मआई म्हणून एकोणतीस वेळा आलंय), आणि 1952 ची ती ओळ, लॅटिनमध्ये आहे तशी, खाली मराठी. छापायला द्यायच्या आधी आजीला वाचून दाखवली. तिने एवढंच सांगितलं, पाणी कोमट होतं तेपण लिही.