कॅरोलायनाचे सात पोपट: हजार तुकड्यांचं जिगसॉ जुळवताना

आधी कडा लावून घ्या, मग आत शिरा, असं जिगसॉ लावणारे सगळेच सांगतात. अमेरिकन पक्षी-चित्रकार ऑडुबॉनच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रसंग्रहातल्या २६व्या चित्राला हा नियम लावू नका. माझं जिगसॉ ४० × २५ तुकड्यांचं होतं, म्हणजे कडेचे तुकडे १२६. त्यातले बहुतेक नुसते जुन्या कागदाच्या रंगाचे. कोणताही तुकडा कोणत्याही शेजाऱ्याला बसल्यासारखा वाटतो, आणि एक चुकला की पुढची अख्खी ओळ सरकते. इथे सुरुवात पक्ष्यांपासून करायची.

चित्रात सात कॅरोलायना पोपट, म्हणजे अमेरिकेतले आता नामशेष झालेले पोपट, एकाच झाडावर दाटीने बसलेत. झाड गोखरूचं, आपल्याकडे सोयाबीनच्या शेतात माजतं तेच, ज्याला काही भागांत शंकेश्वर म्हणतात. त्याच्या काटेरी बोंडांतलं विषारी बी हे पोपट आवडीने खात.

डबा उघडल्यावर पहिलं काम चाळण्याचं. पुठ्ठा कापताना पडलेला भुसा तुकड्यांना चिकटून असतो. तो खाचेत राहिला की योग्य तुकडाही पक्का बसत नाही. पिठाची जुनी चाळणी पुरते. मग सगळे तुकडे सुलटे करून दहा-दहाच्या ओळींत मोजले आणि पाच ताटांत वाटले: पिवळं-नारिंगी, पक्ष्यांचं हिरवं, पानं आणि बोंडं, अक्षरं, कोरा कागद. याला दोन तास लागले, पण पुढे ते भरून निघाले.

डोकी सर्वांत सोपी. पिवळं डोकं, कपाळ-गालांवर नारिंगी, मध्ये डोळा. प्रत्येक डोकं वेगळं बेट म्हणून जुळवलं. अडतं दोन ठिकाणी. पिल्लाचं डोकं हिरवं असतं, त्यामुळे त्याचे तुकडे पंख-शेपट्यांच्या ढिगात हरवतात. आणि चोच फिकट, जवळपास कागदाच्याच रंगाची, म्हणून चोचीचे तुकडे हमखास कोऱ्या ताटात जातात. एखाद्या डोक्याला चोच सापडत नसेल तर तिथेच शोधा. काळी बारीक वक्र रेघ दिसली की तीच.

हिरव्यावर हिरवं आलं की मात्र रंगावर विसंबू नका. हे चित्र लंडनमध्ये रॉबर्ट हॅवेलने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, आणि छापल्यावर ते हाताने रंगवलं गेलं. रंग पातळ, कुठे गडद कुठे फिका. कोरलेली रेघ मात्र ठाम असते आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात सलग जाते. भिंगातून पाहिलं तर पिसाच्या रेघा बारीक, जवळजवळ, शेपटीकडे वाहणाऱ्या. पानाच्या शिरा विरळ आणि फांद्या फुटणाऱ्या. हा फरक कळल्यावर हिरवं ताट दोन बैठकांत रिकामं झालं.

ही दाटी चित्रकाराने हौसेने केलेली नाही. हे पक्षी थव्यानेच राहत. एकाला गोळी लागली की बाकीचे उडून न जाता त्याच्याभोवती परत घिरट्या घालत, म्हणून फळबागा राखणाऱ्यांना अख्खा थवा टिपता येई. बंदिवासातला शेवटचा पोपट, इंकास, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. चौथं-पाचवं डोकं लावताना हे मनातून जात नाही.

पक्षी आणि झाड उभं राहिलं की खालच्या ओळीतली अक्षरं जुळवा. त्यांच्या आधाराने तळाची कड लागते, आणि मग बाकीच्या तीन.

उरतो कोरा कागद. हा खरा कस. तुकडे आकाराने लावा, म्हणजे कडेने बाहेर आलेल्या गोल खुंट्या मोजून: चार खुंट्या, तीन, समोरासमोरची दोन, लगतची दोन, एक, एकही नाही, असे सहा गट. मग प्रत्येक गट दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहा. जुना कागद सगळीकडे सारखा नसतो. कुठे तपकिरी ठिपके, कुठे कडेकडे गडद होत जाणारी छटा. पांढऱ्या एलईडीखाली हे दिसत नाही. संशय आला तर जुळलेली जोडी उचलून दिव्यासमोर धरा. सांध्यातून उजेडाची रेघ आली तर ती जोडी खोटी. या भागाला मला आठ तास लागले, जवळजवळ पक्ष्यांइतकेच.

पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन फुगतो, सांधे घट्ट होतात आणि खोटी जोडीही खरी वाटते. तेव्हा काम अर्धवट ठेवताना वरून प्लॅस्टिक अंथरा.

चिकटवायचं असेल तर पांढरा डिंक अगदी थोड्या पाण्यात कालवून रुंद ब्रशने एकच पातळ हात द्या, खाली प्लॅस्टिक ठेवून. पाणी जास्त झालं की पुठ्ठा कडेने वर उचलतो. चकचकीत वार्निश टाळा, कोरीव रेघा चमकेत बुडतात.