मीटर खूश, वजनाचा काटा मात्र तिथंच

वजन उतरवायचं म्हटलं की सांगलीत पहिला सल्ला ठरलेला: चपाती बंद, शाळूची (ज्वारीची) भाकरी चालू. जेवणाआधी आणि नंतर शुगर मोजून याचा छडा लावताना मला ग्लुकोमीटरच्या आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा लागला.

पीठ मळायच्या आधी मोजावं. शाळूच्या 60 ग्रॅम पिठाची एक मध्यम भाकरी होते, तिच्यात कर्बोदकं साधारण 40 ग्रॅम. तीस-तीस ग्रॅम पिठाचे दोन फुलके घ्या, नाहीतर शिजलेला 150 ग्रॅम भात घ्या, आकडा जवळपास तोच येतो. भाकरीत तंतू जास्त, त्यामुळं ती भातापेक्षा सावकाश पचते, एवढा फायदा खरा. पण ताटाएवढ्या दोन भाकऱ्या रिचवल्या तर धान्य बदलून हाती काही लागत नाही.

भडंग हा तर हलका समजला जाणारा खाऊ. 50 ग्रॅम चुरमुऱ्यांतही कर्बोदकं 40 च्या वरच असतात, आणि फुललेला तांदूळ झटकन पचतो. तासगावचा बेदाणाही तसाच: द्राक्षातलं पाणी उडतं, साखर राहते. 30 ग्रॅम बेदाण्यात 20 ग्रॅमच्या आसपास साखर, आणि मूठ तोंडात टाकायला वेळ किती लागतो! राहिला गूळ. उसाच्या पट्ट्यात ‘गूळ चालतो की’ हे वाक्य रोज ऐकावं लागतं. शुगरच्या बाबतीत गूळ आणि साखर सारखेच धरावेत.

मोजताना दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, हात धुतल्यापासून नव्हे. मधुमेह नसलेल्याची उपाशीपोटी शुगर 100 च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी 140 च्या खाली असावी. फळ चिरलेलं बोट न धुता टोचलं तर आकडा फसवा चढतो. बोटाच्या कडेला टोचावं, तिथं दुखतं कमी. मीटरची पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावायचं, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण दमट हवेनं पट्ट्या खराब होतात. घरच्या मीटरमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं मानतात. म्हणून 128 आणि 136 मध्ये अर्थ शोधत बसू नये. जेवण तेच ठेवून एकच गोष्ट बदलली आणि तीनचार वेळा मोजलं तरच काही कळतं.

मला सर्वांत उपयोगी वाटला तो खाण्याचा क्रम. आधी काकडी-कांदा, मग मटकीची उसळ, भाकरी त्यानंतर. कर्बोदकं तेवढीच राहतात, पण शुगरचं टोक खाली येतं. जेवून 10-15 मिनिटं चाललं तर आणखी, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सकाळची शुगर मात्र रात्रीच्या जेवणाच्या माथी मारू नये. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, झोप मोडली तरी आकडा वाढतो.

आता खरी गोम. मीटरला फक्त साखर दिसते, उष्मांक दिसत नाहीत. शेंगदाण्याची चटणी तेल ओतून वाटीभर खाल्ली तरी आकडा छान येतो, पण 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात. शुगर सुधारली आणि वजन हलेना अशी तक्रार असेल, तर आधी तेल आणि दाण्याचा कूट मोजून बघावा. उलट, भाकरी-भात कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो उतरतं ते बहुतेक पाणी असतं: शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला धरून असलेलं तीनएक ग्रॅम पाणी निघून जातं. तेवढ्यावर नवीन कपडे शिवायला टाकू नयेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून डोस ठरवल्याशिवाय भाकरी अर्धी करू नये. घाम, थरथर, भोवळ जाणवली आणि शुगर 70 च्या खाली असली, तर भाकरी-उसळ तेव्हा कामाची नाही. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि अजून खालीच असेल तर तेवढीच परत.