मेखा, चपला आणि चर्चचं मैदान

"त्या दिवशी अंत्यविधी आला तर?"

चर्चच्या कौटुंबिक कार्निव्हलच्या पहिल्याच मीटिंगमध्ये पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, हे विचारलं आणि आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागलो. आम्ही खेळ, मांडव, फुगे यावर रंगात येऊन बोलत होतो. साहेब म्हणाले, "मैदान चर्चचं आहे. मरण कमिटीला विचारून येत नाही." मी वहीत लिहून घेतलं खरं, पण मनात म्हटलं, काय हे अभद्र!

कौटुंबिक कार्निव्हलची जबाबदारी माझ्याकडे आली ती मी त्या मीटिंगला वेळेवर पोचले म्हणून. चार तासांचा कार्यक्रम, मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांची, आणि आजूबाजूची मिळून अंदाजे अडीचशे मुलं, सोबत त्यांचे आईबाप आणि आजीआजोबा. तारीख ईस्टरनंतरच्या एका शनिवारची. त्यावर एका ज्येष्ठ काकांनी हरकत घेतली. कार्निव्हल हा शब्द मांस बाजूला ठेवण्यावरून आलाय, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आधीचा तो सण, ईस्टर झाल्यावर कसला कार्निव्हल? मुद्दा बिनतोड होता. पण पोस्टर छापून आली होती, त्यामुळे काकांना तिकीट खिडकी देऊन विषय मिटवला.

खरा वाद लकी ड्रॉवरून झाला. पैसे घेऊन नंबर विकणं म्हणजे जुगार, असं अर्ध्या कमिटीचं म्हणणं. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, त्याशिवाय गर्दी थांबत नाही. दोन मीटिंगा त्यातच गेल्या. शेवटी दारातून आत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक नंबर फुकट द्यायचा ठरलं. गर्दी तरीही थांबली.

खेळांना रोख पैसे घ्यायचे नाहीत, कूपन घ्यायचं आणि घेताक्षणी फाडायचं, हा नियम मात्र मी हट्टाने लावला. न फाडलेलं कूपन फिरून परत येतं. फाडलेले तुकडे प्रत्येक स्टॉलच्या डब्यात टाकायला सांगितले, म्हणजे रात्री कुठला खेळ चालला तेही कळतं. (रिंग टाकण्याचा खेळ आम्ही कोपऱ्यात ढकलला होता. सगळ्यात भरलेला डबा त्याचाच निघाला.)

मुलांचं सगळं लक्ष मात्र बाउन्सीवर, म्हणजे हवा भरलेल्या त्या रंगीत किल्ल्यावर. कागदावर मी तो फाटकाजवळ काढला होता, येणाऱ्याला लगेच दिसावा म्हणून. मग आमच्या तरुण संघातल्या एका मुलीने हिशेब मांडला. एका वेळी १० मुलं, ५ मिनिटं उड्या, चपला काढण्या-घालण्यात २ मिनिटं. तासाला जेमतेम ८ फेऱ्या, म्हणजे ८० मुलं. चार तासांत ३२०. अडीचशे मुलांपैकी प्रत्येकाला दोनदा उड्या मारायच्या असणार, म्हणजे रांग संपणारच नाही आणि ती थेट फाटकात उभी राहणार. बाउन्सी मागच्या गवतावर गेला आणि रांगेऐवजी वेळ लिहिलेले टोकन आले.

गवतावर नेला, तर दुसरं संकट. बाउन्सीला चहूबाजूंनी जमिनीत मेखा ठोकाव्या लागतात, आणि आमच्या मैदानाखालून पाण्याची जुनी पाइप जाते. कुठून जाते ते एकाच माणसाला ठाऊक, चर्चचे राखणदार मामा. नकाशा वगैरे काही नाही. मामा काठी घेऊन निघाले, दर चार पावलांवर थांबून टेकवायचे आणि म्हणायचे, "इथं." मी मागून फक्कीची रेघ ओढत गेले. रेघ सरळ जाईल असं वाटलं होतं. ती मध्येच एका झाडाला वळसा घालून गेली. भिंतीकडच्या जुन्या कबरींपासून वीस पावलांवर दोरी बांधली. त्यापलीकडे स्टॉल नाही, खुर्ची नाही, मुलं नाहीत.

सगळं शुक्रवारी दुपारी उभारायचं ठरलं होतं. गुरुवारी पहाटे मंडळीतल्या एक आजी वारल्या. अंत्यविधी शुक्रवारी चार वाजता.

पाळकसाहेबांनी मला काही आठवण करून दिली नाही. बांधलेल्या पताका आम्ही सकाळी सोडवल्या, माईकची चाचणी रद्द केली आणि सगळ्या गाड्यांना निरोप दिला की शनिवारी पहाटे सहाला या. आजींची सून स्मशानातून परतताना मला म्हणाली, "ताई, उद्याचं थांबवू नका हं. आईंनी नातवंडांची कूपनं आधीच घेऊन ठेवलीत."

तर शनिवारी सहाला आम्ही हजर, मांडववाला हजर, बाउन्सीवाला साडेआठला. उशीर झालेला, म्हणून त्याला घाई. म्हणाला, "मेखा कशाला, पिशव्या टाकतो." वाळूच्या १२ पिशव्या, प्रत्येकी पंचवीसेक किलोच्या. मी तयारीत होते. युरोपातल्या मानकानुसार बाउन्सीच्या प्रत्येक बांधणीला १६०० न्यूटनचा ताण सोसता आला पाहिजे, म्हणजे साधारण १६३ किलो, आणि अशा बांधण्या किमान सहा. त्याच्या पिशव्यांनी हिशेब केला तर एकेका दोराला सात, सहा दोरांना ४२. तो हसला. "मॅडम, आजवर कधी उडाला नाही." मी म्हटलं, मग आज पहिल्यांदा उडायला नको. मामांनी काही न बोलता घण उचलला आणि फक्कीच्या रेघेपासून हातभर अंतर राखून आठही मेखा ठोकून घेतल्या.

वाऱ्याचंही आधीच ठरवलं होतं. ताशी ३८ किलोमीटरच्या वर वारा गेला की बाउन्सी बंद. वारा मोजायचं यंत्र मिळालं नाही, पण एवढ्या वाऱ्यात पालवीची लहान झाडं डोलायला लागतात. आम्ही भिंतीजवळचं एक कोवळं झाड ठरवलं आणि एका काकांना खुर्ची टाकून त्यासमोर बसवलं. साडेपाचच्या सुमारास ते उठून उभे राहिले, हात वर केला. मुलांना आधी खाली उतरवलं, मगच ब्लोअर बंद केला. ब्लोअर थांबला की किल्ला बसतो, आत मूल राहता कामा नये. पंचवीस मिनिटं बंद होता. तेवढ्या वेळात मी लोकांकडून जितकं बोलून घेतलं, तितकं वर्षभरात घेतलं नसेल.

चपलांची गंमत मात्र कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. पहिल्याच फेरीनंतर वीस चपलांचा ढीग आणि दोन मुलं एकाच सॅंडलवर हक्क सांगतायत. संडे स्कूलच्या शिक्षिकेने फक्कीचे दहा चौकोन आखले, आत आकडे घातले. चपला आपापल्या चौकोनात. चौकोन भरला की आत जागा नाही, रिकामा झाला की पुढच्याला सोडा. मोजणीही आपोआप झाली.

हरवलेल्या मुलांसाठी टेबल होतं. नियम असा, की मुलाचं नाव आणि वर्णन माईकवरून सांगायचं नाही, कारण ते ऐकून कुणीही पुढे येऊ शकतं. फक्त "ज्यांचं मूल दिसत नाही त्यांनी टेबलापाशी यावं." आत येतानाच मनगटाच्या आतल्या बाजूला पालकांचा फोन नंबर पेनाने लिहीत होतो. चारेक वर्षांचा एकजण सापडला, त्याचा नंबर घामाने पुसलेला. बाबांचं नाव काय? "पप्पा." आईचं? विचार करून म्हणाला, "अगं." पप्पा सात मिनिटांनी आले, घामाघूम. तोवर हे छोटे साहेब टेबलाखाली बसून फाडलेली कूपनं जोडत होते.

रविवारी सकाळी उपासना, म्हणजे रात्रीच मैदान मोकळं हवं. बाउन्सी गुंडाळला, मेखा मोजल्या. आठ ठोकल्या होत्या, हातात सात. गवतात लपलेली मेख आणि उद्या तिथे पळणारी मुलं, माझ्या पोटात गोळा आला. पाच-सहाजण टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगत शोधत राहिलो. अर्ध्या तासाने मामा जेवून परत आले. म्हणाले, "मेखा कशाला मोजता, भोकं मोजा." भोकं आठ निघाली. आठवी मेख बाउन्सीवाल्याच्या टेम्पोत सीटखाली होती. मामांनी आठही भोकांत माती दाबली, वरून पाय मारला आणि फाटकाची चावी घेऊन आमच्या जाण्याची वाट बघत उभे राहिले.