हेड जुनं, टाकी नवी: कोल्हापूरची एक फेरी

पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किमी. पहाटे पाचला वारजे सोडलं तर दहाच्या आसपास शिरोलीत पोचता येतं, आणि घरच्या वर्कशॉपसाठी जुना, हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर बघायचा तर सकाळीच पोचायला हवं. यंत्र थंड आणि टाकी रिकामी असतानाच त्याची खरी परीक्षा होते. पिस्टन गरम होऊन फुगला की सिलिंडरमधली ढिलाई लपते, आणि टाकी अर्धी भरलेली असली की हेड, म्हणजे हवा दाबणारा पिस्टन-सिलिंडरचा भाग, किती हवा देतंय ते मोजता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करून "आम्ही येईपर्यंत चालू करू नका" एवढं सांगून ठेवा. सुट्टीचा वारही तेव्हाच विचारा, तो प्रत्येक औद्योगिक वसाहतीत वेगळा असतो.

कोल्हापूरलाच का जायचं, तर फाउंड्र्यांमुळे. मोल्डिंग मशीन, चिपिंग, ग्राइंडर, सँड ब्लास्टिंग या सगळ्यांना हवा लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात दोन-दोन शिफ्ट चाललेली पिस्टनवाली यंत्रं बरीच होती. विजेचं बिल बघून कारखान्यांनी पिस्टनऐवजी फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारे स्क्रू कॉम्प्रेसर घेतले आणि जुनी यंत्रं भंगारवाल्यांच्या आवारात आली. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्याला स्क्रू परवडतो. घरच्या वर्कशॉपमध्ये दिवसाला दोन तास हवा लागते, तिथे सावकाश फिरणारं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) हेडच बरं. या वेळी बघायचं होतं ते १० एचपीचं (अश्वशक्तीचं), दोन स्टेजचं, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारं, टाइप ३० घराण्यातलं हेड. इंगरसोल-रँडची ही मालिका १९२९ पासूनची आहे, आणि तिच्या वळणाची हेडं आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. आत ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडचा चमचा तेलात बुडतो आणि तेल उडवतो. बिघडण्यासारखं फारसं काही नाही, म्हणूनच जुनं घेण्यात अर्थ आहे.

आवारात गेल्यावर आधी यंत्राला हात लावा, बटण नंतर. बेल्ट काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. एका फेरीत दोन ठिकाणी अडल्यासारखं जाणवलं पाहिजे, मोठ्या एलपी (कमी दाबाच्या) सिलिंडरला आणि छोट्या एचपीला (जास्त दाबाच्या; हा एचपी अश्वशक्तीचा नव्हे). फ्लायव्हील धरून पुढे-मागे ओढा. कळेल न कळेल इतकाच खेळ चालतो, टकटक ऐकू आली तर बेअरिंग गेलं. तेलाचा प्लग काढून बोटभर तेल बघा. ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय आणि क्रँक गंजलेला असायची शक्यता आहे. फ्लायव्हीलच्या आऱ्या पंख्याच्या पात्यांसारख्या तिरक्या असतात, दोन स्टेजच्या मधे हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर वारा त्याच फेकतात. एखाद्या आरीला तडा आहे का ते नखाने चाचपून बघा, कारण बीड वेल्ड करून फिरवायची वस्तू नाही.

मग घड्याळ काढा. टाकीचे लिटर गुणिले चढवलेला दाब किलोमध्ये (दर चौरस सेंटिमीटरला), भागिले मिनिटाला मिळणारी हवा, म्हणजे लागणारी मिनिटं, एवढंच गणित. १० एचपीच्या चांगल्या हेडकडून ३५ सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे मिनिटाला साधारण ९९० लिटर अपेक्षित आहे. ५०० लिटरची टाकी शून्यापासून ७ किलोपर्यंत जायला ३,५०० लिटर हवा लागते, म्हणजे साडेतीन मिनिटं. इथे लागली पाच. तीस टक्के हवा कुठेतरी जात होती.

कुठे, ते इंटरकूलरचा गेज सांगतो. बहुतेक जुन्या यंत्रांचा तो गेज मेलेला असतो, म्हणून खिशात पाव इंची बीएसपी आट्यांचा एक नवा गेज, टेफलॉन टेप आणि पाना न्या. टाकीत ७ ते १० किलो असताना दोन स्टेजच्या मधे २ ते अडीच किलो दिसायला हवेत. त्याहून बरंच जास्त दिसलं, किंवा इंटरकूलरची सेफ्टी (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) फुर्रफुर्र उडायला लागली, तर एचपीचा व्हॉल्व्ह गळतो. हवा पुढे जाण्याऐवजी मागे साचते. कमी दिसलं तर दोष एलपीकडे. इथे काटा जेमतेम सव्वा किलोवर थरथरत होता. एअर फिल्टर काढून सक्शनच्या, म्हणजे हवा आत घेण्याच्या, तोंडाशी तळहात धरला तर दर फेरीला हवेचा फुंकर उलटा लागत होता. म्हणजे गळत होता तो एलपीचा सक्शन व्हॉल्व्ह. उलटा फुंकर नसता आणि एलपीचं डोकंच जास्त तापलं असतं, तर हवा बाहेर सोडणाऱ्या डिलिव्हरी व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा. ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या हवा सोडायच्या भोकातून, ठोक्याठोक्याला तेलकट धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. इथे ब्रीदर स्वच्छ होता. एका व्हॉल्व्हसाठी भाव पाडून मागता येतो आणि दुरुस्ती स्वस्तात होते. सौद्याला याहून चांगला दोष मिळत नाही.

टाकीचं मात्र वेगळं. भंगारवाला म्हणतो, "पाव्हणं, टाकीला काय बी झालेलं न्हाई, रंग बघा की!" रंगच तर बघायचा नसतो. दाब पूर्ण उतरवून, तळाचा पाणी सोडायचा ड्रेन कॉक काढून आत तार घाला. इथे वितभर तार गंजाच्या चिखलात रुतली. आडव्या टाकीचा तळ आतून कुजतो, बाहेरून काही दिसत नाही. अल्ट्रासॉनिक जाडीमापक भाड्याने मिळतो, तो सोबत असलाच पाहिजे. बाजूचा पत्रा ६ मिमी निघाला आणि तळाशी, ड्रेनपासून चार बोटांवर, ३.९. ६०० मिमी व्यासाच्या, १० किलोच्या टाकीला बेताचं स्टील आणि साधी वेल्डिंग धरली तर गणिताने साडेचार मिमीच्या आसपास जाडी लागते, गंजाची सूट वेगळी. १० किलोला भरलेल्या ५०० लिटरच्या टाकीत पाऊण मेगाज्यूलच्या घरात ऊर्जा असते. एक टनाची मोटार ताशी १४० किमीने धावताना तिच्यात साधारण तेवढीच असते. ही गोष्ट घराच्या भिंतीला लागून ठेवायची आहे. जाडी पुरेशी निघाली तरी पाण्याने दीडपट दाबाची चाचणी झाल्याशिवाय टाकी घेऊ नका. हवेने चाचणी घेतो म्हणणाऱ्याजवळ उभंही राहू नका. वर पट्टी मारून देतो म्हटलं तर सरळ नाही म्हणा. टाकी तिथेच ठेवायची, पैसे फक्त हेड, इंटरकूलर आणि बेल्टगार्डचे द्यायचे.

टाकी सुटली की वाहतूकही सोपी होते. अख्खं यंत्र पाचशे किलोच्या घरात जातं आणि वजन सगळं वर. नुसतं हेड फ्लायव्हीलसकट पावणेदोनशेच्या आसपास. तरी छोट्या हत्तीपेक्षा पिकअप बरी, हौदा लांब मिळतो. तेल आधी काढून टाका, नाहीतर कलल्यावर ते सिलिंडरमध्ये चढतं आणि पहिल्या स्टार्टला व्हॉल्व्ह फोडतं. सक्शन-डिलिव्हरीच्या तोंडात चिंधी नको, ती आत विसरते. पत्र्याची चकती गॅस्केटसह बोल्टने आवळा. पट्टा क्रँककेसखालून घ्या. इंटरकूलरच्या तांब्याच्या नळ्यांना किंवा फ्लायव्हीलला पट्टा लावून उचललेलं हेड घरी पोचतं, पण धड पोचत नाही. खाली दोन लाकडी ओंडके, त्यांना बोल्ट, आणि ५० मिमीचे चार रॅचेट पट्टे चार कोपऱ्यांना तिरके. कराडला चहाला थांबाल तेव्हा पट्टे पुन्हा ताणा, तोवर ते हमखास सैल पडलेले असतात.

निघण्यापूर्वी शिवाजी उद्यमनगरात तासभर काढा. व्हॉल्व्हच्या चकत्या, स्प्रिंगा, तांब्याच्या वॉशरी नमुना दाखवला की मिळतात, आणि सीट घासून देणारेही तिथेच आहेत. झिजलेली चकती उलटी करून बसवायचा मोह होतो. तसं करू नका, एका बाजूची झीज दुसऱ्या बाजूने सीटला जुळत नाही. जोडलेला व्हॉल्व्ह उताणा ठेवून त्यात डिझेल ओता. मिनिटभरात थेंब गळला तर परत घासायचा.

परतीच्या रस्त्यावर दोन जागा. खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर उतारावरचं एस आकाराचं वळण, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे जाणारा लांब उतार. दोन्हीकडे गिअर आधीच खाली टाकायचा. उतारावर वजन पुढे रेटतं आणि ब्रेक तापतात. दिवसाउजेडी परतलेलं बरं.

घरी ५०० लिटरची उभी, चाचणी प्रमाणपत्रासह नवी टाकी, आणि हेड-मोटर शेजारी १०० बाय ५० च्या चॅनेलच्या फ्रेमवर. दोघांमध्ये स्टीलच्या जाळीचा होज. डिलिव्हरीची हवा दीडशे अंशांच्या वर जाऊ शकते, रबरी होज तिथे टिकत नाही. मधे बंद करायचा व्हॉल्व्ह घालायचा असेल तर त्याच्या आधी हेडच्या बाजूला सेफ्टी हवीच. टाकीचे पाय असमान जमिनीवर बोल्टने ओढून बसवू नका, पायाजवळच्या वेल्डिंगला तडे जातात. आधी पायांखाली पत्र्याच्या शिमा (पातळ पट्ट्या) घाला. पुढची लाइन जीआय पाइपची, किंचित उतार देऊन, आणि प्रत्येक फाटा वरून काढलेला. पीव्हीसी पाइप हवेला कधीच नको, तो फाटत नाही, फुटतो, आणि तुकडे उडतात.

दहाची मोटर घरच्या कनेक्शनला जड जाते. साडेसातची थ्री फेज मोटर घ्या आणि हेड सावकाश फिरवा. नेमप्लेटवर ८०० फेरे आणि फ्लायव्हील ५६० मिमी असेल, मोटर १४४० ची, तर पूर्ण वेगाला ३११ मिमीची पुली लागते. पाऊणपट वेगाला २३३. बाजारात २३० ची मिळते, तीच लावली. हवाही पाऊणपटच्या आत येते, पण आवाज बराच उतरतो. नेमप्लेटच्या निम्म्याखाली मात्र वेग नेऊ नका, चमच्याने तेल नीट उडत नाही. फ्लायव्हीलवरचा बाण बघूनच फेज जोडा. उलटं फिरलं तरी हवा भरते, पण वारा इंटरकूलरवर न जाता बाहेर जातो आणि हेड भाजून निघतं.

तेल कॉम्प्रेसरचंच, व्हीजी १०० या दाटपणाचं. गाडीच्या इंजिनचं तेल पाणी धरून ठेवतं आणि व्हॉल्व्हवर काजळी जमवतं. टाकीचा कॉक उघडा ठेवून अर्धा तास बिनदाबाचं चालवा, मग ३ किलोवर अर्धा तास, मग पूर्ण. पन्नास तासांनी पहिलं तेल बदला. पावसाळ्यात ड्रेन रोज, विसरायचं नाही: २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणात एवढं हेड तासभर सलग चाललं तर टाकीत पाऊण लिटरच्या आसपास पाणी पडतं. जुन्या टाकीच्या तळाचा चिखल याच पाण्याचा.

नव्या जोडणीत शून्यापासून ७ किलोला ५ मिनिटं १० सेकंद लागली. गणित ४ मिनिटं ४८ सेकंद सांगतं, फरक चालण्यासारखा आहे. हा आकडा तारखेसह टाकीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी साडेसहा लागली की इंटरकूलरच्या गेजकडे बघायचं.